होनगोन्नेची पाटी

सिद्दम्मा दारात टोपली उतरवायची आणि भाजी दाखवण्याआधी माझा चेहरा बघायची. "तंगी, आज कुणाशी बोललीस का?" मी नुसती मान हलवायचे. "तोंड उघड गं! जीभ काय झिजणार आहे?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला तशी हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

हूटगळ्ळीत आमच्या घरामागे तळं आहे. त्याच्या काठची होनगोन्ने आणि कुरडू सकाळी खुडून ती गल्लीत विकायची. "बाजारातला सोप्पू पाणी मारून टवटवीत. माझा चिखलात उभा राहिलेला," असं ऐटीत म्हणायची. सोप्पू म्हणजे पालेभाजी. घरातले कामावर गेलेले असायचे. ती जुड्या बांधायची, मी निवडायचे. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच.

मग तळं सुधारायला घेतलं. गटाराचं पाणी थांबलं, वास गेला, बगळे आले. खरंच छान झालं. भोवती जाळी आली, फिरायला वाट झाली, फाटकाशी रखवालदार बसला. सिद्दम्माला धास्ती पडली, आता आत सोडतील की नाही.

एक दिवस ती हसतच आली आणि मला हात धरून फाटकाशी घेऊन गेली. तिथं नवी पाटी होती, पाटीवर होनगोन्नेचं रंगीत चित्र. "बघ, माझ्या सोप्पूचा फोटो लावलाय! आता मला कोण अडवतो? काय लिहिलंय गं?"

मी चौथी शिकलेली, कन्नड अक्षरं लावता येतात. वर भाजीचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'तळ्यावरच्या वनस्पती तोडू नयेत.'

तिचा चेहरा इतका फुलला होता. मी म्हटलं, "भाजीचं नाव लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी रखवालदारानं तिची भरलेली टोपली ओल्या कचऱ्याच्या डब्यात उलटी केली. "पाटी दिसत नाही का, अज्जी?"
"त्या पाटीवर माझाच सोप्पू आहे की!" ती म्हणाली. फिरायला आलेली माणसं हसली.

हे तिनंच मला सांगितलं, रिकामी टोपली घेऊन दारात उभी राहून. मग विचारलं, "तंगी, तू वाचलं होतंस ना?"

तोंड उघड, असं त्या दिवशी ती म्हणाली नाही. टोपली काखेत घेऊन निघून गेली. येलवालला लेकीकडे राहते म्हणे. परत आली नाही.

आता काठावर होनगोन्ने माजली आहे. काल मी फाटकाशी गेले आणि पाटी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली.

रखवालदार म्हणाला, "कुणाला वाचून दाखवताय, अम्मा?"