हाफ-लॉरी घेऊन अब्दलीला: दोन दिवसांची सहल, सहा दिवसांचा मुक्काम

रागाच्या भरात सहली ठरवू नयेत, असं सुधीर मला लग्न झाल्यापासून सांगतो आहे. ही सहल मी रागाच्या भरातच ठरवली.

आधी ओळख. मी पुण्याची, केमिकल इंजिनिअर. कुवेतमध्ये आम्हाला बारा वर्षं झाली, घर महबूल्यात. कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात शिकलेली घोडेस्वारी मी इथे येऊन पुन्हा सुरू केली आणि दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, चक्क घोडा विकत घेतला. काम संपवून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाचा. बाप स्कॉटलंडमध्ये अवजड गाड्या ओढणाऱ्या जातीचा, आई रेसच्या जातीची. वजन सातशे किलो, खूर ताटाएवढे, त्यांच्यावर केसांचे झुपके. नाव ठेवलं दामू, माझ्या एका धिप्पाड आणि कमालीच्या शांत मामेभावावरून. मामेभावाला हे अजून कळलेलं नाही, आणि तो ब्लॉग वाचत नाही.

आमच्या तबेल्यात बाकी सगळे अरबी घोडे. चिनी मातीच्या कपांमध्ये कळशी ठेवावी तसा त्यांच्यात दामू दिसतो. पण मला त्याला ओझ्याचा घोडा नव्हतं ठेवायचं. मला त्याच्याबरोबर अडथळ्यांवरून उड्या मारायच्या होत्या, आणि दोन वर्षांच्या मेहनतीनं तो माझ्या छातीएवढा अडथळा आरामात ओलांडू लागला होता.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी अबू फहद आला. हा म्हातारा कुवेती, घोड्यांचा शौकीन. वडिलांचा मुंबईला व्यापार होता, त्यामुळे हिंदी येतं. दामूभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "मॅडम, ये घोडा नहीं. ये हाफ-लॉरी है." हाफ-लॉरी म्हणजे इथला छोटा मालट्रक. सगळा तबेला हसला. मी लाल झालेली बघून तो घाईनं म्हणाला, "शनिवार को मेरे मजरे पे जंपिंग है. लाओ इसको. देखेंगे." मजरा म्हणजे शेत, त्याचं इराकच्या सीमेजवळ अब्दलीला. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

दामूची देखभाल हनीफभाईंकडे. रायगडातल्या मुरूडचे, पन्नाशी ओलांडलेले, वडिलांचा टांगा होता. ट्रेलरही तेच चालवतात. त्यांनी एवढंच सांगितलं, "न्या ताई. पण शुक्रवारी घोडा उभा राहणार. उभ्या दिवशी अर्धा दाणा. गाडीच्या घोड्याचा कायदा हाय तो."

गाडीचा घोडा! मला ते हाफ-लॉरीपेक्षा जास्त झोंबलं.

शुक्रवार

सुट्टी शुक्रवार-शनिवार झाल्यापासून अशा सहली सोप्या झाल्यात. जाणार असाल तर पहाटे निघा. सहाव्या रिंगरोडनं जहरा, तिथून ऐंशी नंबरचा रस्ता थेट उत्तरेला. एकूण सव्वाशे किलोमीटर धरा. एकट्या गाडीला दीड तास, ट्रेलर असेल तर तीन. पेट्रोल पाण्याच्या भावात, जहऱ्याला शंभर फिल्सचा चहा. त्यानंतर काहीही मिळत नाही, तेव्हा थर्मास भरून घ्या.

जहरा सोडलं की मुतला येतो. कुवेतमधला हा एकमेव चढ. खंडाळा बघितलेल्यांनी हसू नये, कारण वारा तिथेच गाठतो. आम्हाला आडवा लागला तो थेट ट्रेलरच्या कुशीत. मागे सातशे किलोंचा जीव तोल सावरायला एका पायावरून दुसऱ्यावर गेला आणि ट्रेलरच्या डुलण्याबरोबर आमची जीपही डुलू लागली. शेजारून मालट्रक हॉर्न देत गेला.

"ब्रेक मारा!" सुधीर ओरडला.

"ब्रेक मारला तर संपलो," हनीफभाई शांतपणे म्हणाले आणि नुसता पाय उचलून गाडी हळूहळू संथ करत नेली. माथ्यावर थांबून मी आधी ट्रेलर उघडला. दामू घामेजला होता, पण धड होता. एक सूचना: थांबलात तरी डांबर सोडून वाळूत भटकू नका. लढाईतले सुरुंग अजून सापडतात म्हणे.

अकराला पोचलो. टोमॅटोची हरितगृहं, मधे पांढरा तंबू, कोळशावर काळी किटली. आमच्या पाठोपाठ महबूला-फहाहीलची तीन मराठी कुटुंबंही येऊन थडकली. संक्रांत आठवड्यातच झालेली, मग हळदीकुंकू, पिकनिक आणि दामूचा पराक्रम असं सगळं एकात उरकायचा बेत होता.

हनीफभाईंनी दामूपुढे अर्धी बादली जव ठेवले, गवत टाकलं आणि बारा वाजता ते जुम्म्याच्या नमाजाला गेले.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला दीड महिना लागला.

दामूनं बादली दोन मिनिटांत चाटून पुसून टाकली आणि पायानं वाजवली. बायका हळहळल्या. "अगं, एवढा देह, उद्या शर्यत आणि एवढंसंच खायला?" एकीनं डब्यातून गुळपोळी काढली. त्यानं ती ओठांनी अलगद उचलली, तशी पोरं नाचू लागली. "कॅन आय गिव्ह हिम वन मोअर?" पोळ्या संपल्या, मग तिळाचे लाडू. तोंड गोड करायचा सण, नाही कुणाला म्हणायचं? आणि माझ्या डोक्यात ते 'गाडीचा घोडा' घुमत होतंच. पैलवानाला कुस्तीच्या आदल्या दिवशी कुणी अर्धपोटी ठेवतं का? मी जीपमधून जवांचं पोतं काढलं आणि बादली काठोकाठ भरली. वर एक गुळाची ढेप फोडून टाकली.

हनीफभाई परत यायच्या आत मी बादली धुऊन पालथी घातली. मला काही चुकतंय असं वाटत नसतं तर मी ती धुतली नसती.

शनिवार

सकाळी कडाक्याची थंडी, निरभ्र आकाश. पंधराएक घोडे, सगळे अरबी. मी दामूवर बसले तेव्हा तो नेहमीसारखा होता. दहा मिनिटं चाल, मग दुडकी. दुसऱ्या फेरीला त्याचं पाऊल आखूड पडू लागलं. टाच लावली, तर थरथरला. एवढ्या गारठ्यात त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते. मग तो थांबला. मागचे पाय जमिनीत पुरल्यासारखे.

मी उतरले. तो मान वळवून पोटाकडे बघत होता, नाकपुड्या फुगलेल्या.

"पेट दर्द!" अबू फहद धावत आला. "चलाओ इसको! बैठा तो मर जाएगा. चलाओ!" भोवती पाच-सहा जण जमले. सगळे तेच म्हणत होते, आणि ते खरंही होतं. घोड्याच्या पोटात कळ आली तर त्याला लोळू न देता चालवतात, हे मीही शिकलेली.

मोबाइलला रेंज फक्त टेकाडावर. सुधीरनं तिथून आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मला हाक मारली. डॉक्टर इजिप्शियन, राहायला कुवेत शहरात, शर्कला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. काल घोडा उभा होता का? हो. काल काय खाल्लं?

हनीफभाई खाली लगाम धरून उभे होते. त्यांना ऐकू जाईल इतक्याच अंतरावर.

"नेहमीचंच," मी म्हटलं. "थोडं कमीच."

मग पोटच असेल, डॉक्टर म्हणाले. चालवा. मी निघालोच.

मी खाली आले आणि लगाम ओढला. दामूनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या शब्दाखातर एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पाचव्या पावलाला त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी घोड्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मागून अबू फहद टाळ्या वाजवत होता, "यल्ला, यल्ला! चलो!"

हनीफभाई लगामाच्या आड आले. माझा हात मनगटाला धरून त्यांनी दामूच्या पुठ्ठ्यावर ठेवला. जिथे मऊ मांस असतं तिथे दगड लागला. हात तसाच धरून ठेवत ते हळू म्हणाले, "हे पोट नाय, ताई. हा उभ्या घोड्याचा रोग हाय. अंग आखडतंय. चालवलात तर आतनं फाटंल. पण मी अर्धाच दाणा दिलेला. मग हे कसं?"

त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. ते स्वतःलाच विचारत होते, आपल्या हातून काय चुकलं. ते मला सहन झालं नाही.

"मी दिलं," मी म्हटलं. "तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा. भरून बादली. गूळ. पोळ्या. बादली धुऊन ठेवली."

मी पुन्हा टेकाडावर पळाले. या खेपेला खरं सांगितलं. पलीकडून डॉक्टर ओरडलेच, एक पाऊल हलवू नका! स्नायू फुटून त्याचं विष मूत्रपिंडात उतरतं, लघवीचा रंग बघा, पांघरूण घाला, पाणी पाजा. ते गाडीत बसलेच होते.

खाली अबू फहदला हे पटेना. "चालीस साल घोडा पाला मैंने!" तो हनीफभाईंवर डाफरला. "तू ड्रायव्हर है."

"व्हय," हनीफभाई म्हणाले आणि दामूच्या पुढ्यातून हलले नाहीत. तेव्हा मी अबू फहदला हिंदीत सांगितलं, घोडा माझा आहे, चूक माझी आहे आणि हे म्हणतील तसंच होईल. मग त्यानं तंबूतले दोन जाड गालिचे स्वतः उचलून आणले आणि दामूच्या पाठीवर टाकले.

तो सव्वा तास कसा गेला ते विचारू नका. स्पर्धा कधीच थांबली होती. दामू थरथरत उभा होता, मी त्याच्या नाकापाशी बादली धरून. मधेच त्यानं लघवी केली. कोऱ्या चहासारखी काळपट. सुधीरनं मान फिरवली. मी रडले, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

डॉक्टरांनी आल्या आल्या सलाईन लावली, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं. चोवीस तास काही सांगता येणार नाही, म्हणाले.

पुढचे दिवस

रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला. सुधीर परतला, मी रजा टाकली. अबू फहदनं तंबू आमच्या हवाली केला, रोज मच्छीभात पाठवला आणि पुन्हा हाफ-लॉरी म्हटलं नाही. रविवारी सकाळी लघवीचा रंग उतरला. सोमवारी दामू आपण होऊन दोन पावलं गवताकडे गेला. बुधवारी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. मुतला आम्ही वीसच्या वेगानं उतरलो, मागच्या गाड्यांच्या शिव्या खात.

असा मिश्र रक्ताचा घोडा घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. उडीही मारतो, जीवही लावतो. पण त्याच्या अंगात बापाचंही रक्त आहे, ते विसरू नका. अति तेथे माती, हे माझ्या आजोळी भिंतीवर लिहिलेलं होतं, तरी मला कळलं नाही.

रक्ताचे रिपोर्ट महिन्याभरात सुधारले. हलकी स्वारी सुरू करा, डॉक्टर म्हणाले. मी केली नाही. मी तबेल्याच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: घोडा देणे आहे, चांगल्या माणसाला, फुकट. मी ते चांगलं माणूस नव्हते, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हनीफभाई ती चिठ्ठी हातात घेऊन समोर उभे राहिले.

"आमची एक घोडी होती," ते म्हणाले. "ईदीला दोन दिवस टांगा बंद. सगळ्या मोहल्ल्यानं तिला खिलवलं. गूळ, चणे, शेवया. बापूस बघून हसत होता. तिसऱ्या दिवशी जुंपली, तर रस्त्यात आखडली. लोक म्हणाले चालव, चालव. बापसानं चालवली. बंदरापर्यंत पण नाय गेली."

इतक्या दिवसांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग बापसानं परत घोड्याला हात नाय लावला. आपण कसाई, म्हणायचा. वीस वर्षं पडवीत बसून होता, तसाच गेला." त्यांनी चिठ्ठीची घडी करून माझ्या हातात दिली. "त्याची घोडी मेली होती, ताई. तुमचा उभा हाय."

मी खोगीर आणायला गेले.