ज्युलीची आई, आमची ग्लोरीमावशी

आमच्या मीरा रोडला आता मरणाची बातमीसुद्धा ॲपच्या परवानगीशिवाय घरात येत नाही.

सोसायटीच्या नव्या गेट-ॲपबद्दल मी कमिटीकडे लेखी तक्रार केली आहे. कमिटीने तिच्यावर गंभीर मौन पाळलं आहे.

काल सकाळी इथून जवळच्याच उत्तन गावाहून माणूस आला. तिथे अजून मयताचं फोनवर सांगत नाहीत, माणूस पाठवतात. वॉचमनने त्याला खालीच अडवला. मी आंघोळीला. बिचारा निरोप तोंडात धरून गेटवरच्या स्टुलावर बसून राहिला.

वर आला आणि एवढंच म्हणाला, "ग्लोरी गेली."

ग्लोरीमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. मी मीरा रोडची, ती उत्तनची, आणि भेट झाली मस्कतला.
आमच्याकडच्या लोकांना शेजारी भेटायलाही विमान लागतं.

नव्वदीची सुरुवात. बाबा इथल्याच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात एसी दुरुस्त करायचे. त्यांना मस्कतला नोकरी लागली आणि मागोमाग आम्ही गेलो. आई, आठ वर्षांची मी, तीन वर्षांचा बंट्या.

मीरा रोडला टँकरच्या रांगेत शिव्या घालणारी आई तिथे दिवसभर वाहणाऱ्या नळाकडे बघून रडायची.
"पाणी आहे गं. भांडायला माणूस नाही."

इथली एक सवय मात्र ती सोबत घेऊन गेली होती.
आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी उघडलेलं दार झोपतानाच लागायचं. ज्या घरात कुकरची शिट्टी होईल तिथे पोरं जेवायची. संध्याकाळी आया जिन्यात उभ्या राहून नावं पुकारायच्या आणि आपापला माल गोळा करून न्यायच्या.

तर मस्कतच्या नव्या घरात आईने एका दुपारी दार सताड उघडं टाकलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

बंट्या त्या दारातून चालता झाला.

मला ओढत आईने सगळे मजले पालथे घातले. बेल दाबायची, "छोटा बच्चा देखा क्या?" दार फटीएवढं उघडायचं, आतून मान हलायची, दार बंद.
खाली भर उन्हातला रस्ता. माणूस एक नाही, नुसत्या सुसाट गाड्या. आई मॅक्सीवरच, अनवाणी, कडेला उभी. येईल त्या गाडीला ती हात करत राहिली.

मग थेट गच्चीवरून ओरडा आला.

"आगो ए मॅक्सीवाली! ह्यो पोर तुजा हाय का गो? वरती ये. जेवतोय तो."

गच्चीवर एक पत्र्याची खोली. एसी नाही, म्हणून दार उघडं. अख्ख्या इमारतीत उघडं असलेलं दुसरं एकच दार, ते बंट्याने बरोबर हुडकलं होतं. साहेब तिच्या मांडीवर बसून सुका बोंबील चोखत होते.

"आम्ही मराठी, हे तुम्हाला कसं कळलं?" आईने हुंदके देत विचारलं.
"दारान उभा रावून बोलला, 'आज काय केलंय?' आता असा कोन इचारील गो?"

आई तिच्या गळ्यात पडून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.
"माजी पन एक हाय. उत्तनला, माजे आयशीकडं. कामवालीच्या व्हिसावर पोर आनायला देत न्हाय."

ती ज्युली. माझ्याहून वर्षाने लहान.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "तुम्हाला परत पाठवतो, हे तुम्हाला झेपायचं नाही."
आई म्हणाली, "वर ग्लोरी आहे तोवर राहते मी."

आम्ही राहिलो. दुपारचं काम आटोपलं की मावशी आमची. तिने आईला बस शिकवली, बाजार शिकवला, बंट्याच्या तापात उशाशी ती बसली. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिसेला आम्हाला घेऊन जायची. आम्ही बौद्ध घरातली पोरं, पण प्रार्थना तोंडपाठ. आई म्हणायची, "जा. तिथे एसी आहे."

आम्हाला मावशी रोज मिळायची. ज्युलीला आई मिळायची ती सुट्टीपुरती.

आम्ही मीरा रोडला आणि मावशी उत्तनला कायमची परतल्यावर मी दर नाताळला तिच्याकडे जायचे. ज्युली माझ्यापुढे ताट ठेवायची आणि आत निघून जायची.
एकदाच दारात थांबून बोलली, "तुमाला आमची आई मिळाली. आमाला तिची पार्सलं."

माझं तोंड कसं आहे ते कमिटीला विचारा. त्या दिवशी मी त्यात फक्त पुढचा घास घातला.

आज मयताला गेले. ज्युली शवपेटीपाशी बसली होती. मी शेजारी बसले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"तिचे फ्रॉक सगळे ढगळ यायचे मला. वाटायचं, हिला आपल्या पोरीचं माप पन म्हायती न्हाय."

"माप माझं असायचं," मी म्हटलं. "दुकानात मला उभं करायची. मी जाडी. ती माझं पोट आत दाबायची, म्हणायची, 'माजी ज्युली बारीक हाय.' मग लहान फ्रॉक हातात घ्यायची, आणि परत ठेवायची."

"परत का?"

"'पोचंपर्यंत वाडली असंल,' म्हणायची."

ज्युलीने पदर तोंडात कोंबला.

पेटी बंद करायची वेळ झाली. त्याआधी चेहरा कापडाने झाकतात, सगळ्यात जवळच्या माणसाच्या हाताने. एक म्हातारे नातलग पांढरं कापड घेऊन पुढे आले.
"मस्कतची पोर कुठं हाय? तोंडावर फडका तिनंच टाकायचा, ग्लोरी बोललेली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले, कापड घेतलं.

ज्युलीच्या हातात दिलं.

आणि मागे जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांत उभी राहिले.

ज्युलीच्या आईला अखेरचा नमस्कार.