मांडीतली कापडी नळी

ओल्या सुताची लड पिळून झाली की मामा ती स्वतःच्या पांढऱ्या बाहीवर घासायचे, बाहीकडे निरखून बघायचे आणि म्हणायचे, "बसला न्हाय अजून." मग लड पुन्हा रंगाच्या कढईत. सगळे ज्यांना मामा म्हणत, त्या विणकर सोसायटीतल्या रंगाऱ्याच्या बाह्यांवर त्यामुळे कायम लाल-निळे पट्टे असत. कपड्यांवरून ज्याचं काम ओळखावं, असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मी शिकवायचो ती शाळा सोसायटीच्या शेडला लागून होती. मधल्या सुट्टीत मी तिथं जाऊन बसायचो.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मामांच्या पायाची रक्तवाहिनी बंद पडली. "बिड्यांनी खाल्ली," असं ते स्वतःच सांगत. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त वाहायला जांघेपासून गुडघ्यापर्यंत टेरिलीनची कापडी नळी घातली. परत आल्यावर मांडीवर थाप मारून ते मला म्हणाले, "गुरुजी, तुमी टेरिलीन वरून घालता. म्या आतून घातलंय!"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या जांघेत, टाक्यांच्या जागी, फोड आला आणि वाहू लागला. मामांनी तो कुणालाच दाखवला नाही. पुरुषाला तिथं जखम झाली की आमच्याकडे लोक एकच गोष्ट समजत, बाईच्या नादानं लागलेला रोग, आणि ती दबक्या आवाजात बोलत. मामा आता लांब, दारापाशी बसू लागले. त्यांना पाय फाकवून चालताना बघून एका विणकरानं माग थांबवला.

"काय मामा, मुंबईहून काय आणलंत?"

सगळी शेड हसली. मामाही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी येऊन, माणसं जमायच्या आत निघून जाऊ लागले.

एका सकाळी ते कढईशेजारी तापानं फणफणून पडलेले मला दिसले. एसटीनं मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांसमोर धोतर सोडायला त्यांनी किती वेळ लावला! मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"नळीलाच जंतू चिकटलेत," डॉक्टर म्हणाले. "कापडाच्या विणीत शिरले की ते इंजेक्शनांना दाद देत नाहीत. घालण्याआधी नळी औषधात भिजवतात, पण रक्त वाहू लागलं की औषध धुऊन जातं. टिकून राहील असा लेप अजून हाती नाही. परदेशात खटपट चालू आहे."

"म्हंजी कच्चा रंग," मामा पुटपुटले. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "ह्यो... वाईट रोग न्हाय?"

"छे! कुणी सांगितलं?"

मामांनी डोळे मिटले. नळी काढावी लागेल, कदाचित पायही जाईल, असं डॉक्टर सांगत होते. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. "गुरुजी," ते म्हणाले, "घरी तिला सांगा. आधी एवढं सांगा. पायाचं मागनं."

शस्त्रक्रियेत रक्त आवरलं नाही. मामा गेले. घरच्या रडारडीत असला निरोप कसा सांगावा, म्हणून मी गप्प राहिलो. महिनाभरानं त्यांच्या दारात गेलो, तेव्हा मामी घागर घेऊन टँकरला निघाल्या होत्या. मी चाचरत सगळं सांगितलं.

"धोतर सोता धुवायला लागले, तवाच मला जखमेचं उमगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "प्यायला पानी न्हाय, अन् ह्ये रोज धोतर धुत्यात. म्या इचारलं न्हाय." घागर कमरेवर घेत म्हणाल्या, "मला बी लाज वाटली, गुरुजी."

टँकरचा हॉर्न वाजला. पदर तोंडावर ओढून त्या रांगेकडे गेल्या.