ओल्या लादीवर
शेजाऱ्यांकडे लाद्या बसवायचं काम निघालं आणि ओल्या सिमेंटच्या वासाने मला भायखळ्याचं लाद्यांचं एक दुकान आठवलं. परळच्या आमच्या नव्या घराला छोटी उघडी गच्ची होती, पण तिथल्या गुळगुळीत लादीवर घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून आई गच्चीत पाऊल टाकत नव्हती. म्हणून ती बरी झाल्यावर बाबा तिला घेऊन खरखरीत लादी निवडायला निघाले. मी सोबत होते. दुकानदार उत्साहाने रंग दाखवू लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "रंग राहू द्या, जरा पाणी मिळेल का?" त्यांनी जमिनीवर एकाच खरखरीत प्रकारच्या लाद्या ओळीने मांडायला लावल्या, वर बादलीभर पाणी ओतलं आणि आईला म्हणाले, "चप्पल काढ, चालून बघ." "अहो, लोक बघतायत," आई पुटपुटली. "बघू देत," म्हणत बाबांनी हात पुढे केला. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. आई तो घट्ट धरून भीत भीत चालू लागली, आणि मधेच हात सोडवून एकटीच टोकापर्यंत गेली. "हीच घ्या," ती वळून म्हणाली. आता भर पावसातही ती कलंडलेल्या कुंड्या सरळ करायला अनवाणी गच्चीत जाते. मी आतून बघत राहते, हाक मारत नाही.