गणपतला सांगितलेली वेळ

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पापनिवेदनाच्या जाळीशी फादरांपुढे गुडघे टेकून मी आयुष्यभर रागाची, गर्वाची, चुकवलेल्या मिस्सा-उपासनेची पापे सांगत आलो. ही गोष्ट मात्र त्या जाळीपलीकडे कधी गेली नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका. मलाही ते नीट ठाऊक नाही.

आधी इतरांच्या गोष्टी निकालात काढतो. अंधेरीच्या आमच्या गावठाणात लोक अजून सांगतात, की त्या पवित्र गुरुवारी फादरांनीच आयत्या वेळी कच खाल्ली आणि महारोग्याला वगळले. साफ खोटे. माझी पत्नी मरेपर्यंत म्हणत राहिली, "तुम्हालाच किळस आली असेल, कबूल करा ना." हेही खोटे — आणि याचा मला अधिक राग येतो. किळस? दर रविवारी मिस्सा आटोपून, खाणीमागच्या झोपडपट्टीत जाऊन गणपतच्या पायाची जखम कोण धूत होते?

गणपत कोकणातला, पूर्वी गिरणीत कामाला. रोगाने पायाची बोटे झडली, गिरणी सुटली. मी पाय हातात घेतला की म्हणायचा, "बोटं मोजू नका साहेब, काही गावाला गेलीत." मी हसत नसे. जखम धुऊन पट्टी बांधायचो, आणि परतताना मला वाटायचे, परमेश्वर पाहतो आहे.

ऐंशीचे दशक नुकते लागले होते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या स्मरणार्थ ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी धर्मगुरू वेदीपुढे बारा जणांचे पाय धुतात, पुसतात, त्यांचे चुंबन घेतात. आमच्याकडे त्या बारा खुर्च्या गावठाणातल्या मानकऱ्यांच्या. आणि ते घरूनच पाय साबणाने घासून, पावडर लावून येत. नवे तरुण फादर म्हणाले, यंदा खुर्च्यांवर वस्तीतली माणसे बसतील, आणि पहिला गणपत. निरोप देण्याचे काम माझ्याकडे आले. गणपतने साऱ्या वस्तीला सांगितले. शेजाऱ्याकडून इस्त्रीचा सदरा मागून आणला. बाकी अकरा जणांना मी खरी वेळ सांगितली. त्याला तासाभरानंतरची.

का? लोकांसमोर त्याचा पाय उघडा पडू नये म्हणून? असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. की देवळात कोणी उठून जाईल, या भीतीने? की — हा विचार मला सर्वांत उशिरा सुचला आणि सर्वांत कमी आवडतो — तो पाय माझा होता म्हणून? जो पाय मी कोणी पाहत नसताना धूत आलो, तो फादर साऱ्या गावासमोर एकदाच धुणार, आणि सारे गहिवरणार? सेवा म्हणतात ती हीच का? मला खरोखर कळत नाही. त्या काळी माझ्या मनात दया होती, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. मग तिच्या पोटात हे काय होते?

पहिली खुर्ची रिकामी राहिली. फादरांनी थोडी वाट पाहिली आणि मलाच खूण केली. मी बसलो. मोजा काढला. त्यांनी माझा पाय धुतला, पुसला आणि त्यावर ओठ टेकले. मी डोळे मिटून घेतले. लोकांना ती भक्ती वाटली.

मिस्सा संपला, त्या रात्रीच्या रिवाजाप्रमाणे वेदीवरची वस्त्रे उतरवली जात होती, तेव्हा गणपत दाराशी आला. अंगात इस्त्रीचा सदरा. पायाला नवी पट्टी; आज ती त्याने स्वतः बांधली होती, वाकडीतिकडी. त्याने उघड्या वेदीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"साहेब, उशीर झाला का?"

"हो," मी म्हणालो. "तू उशीर केलास, गणपत."

आत फादर होते. हाक मारली असती तर पाणी पुन्हा आले असते. मी हाक मारली नाही. त्याने हात जोडले.

"चूक माझीच. वेळेत माझा घोळ झाला असेल. फादरना सांगा, गणपत माफी मागतो."

सांगतो, म्हणालो. त्याप्रमाणे मी फादरांना त्याची माफी कळवली.