आई काच पुसते

व्हिडिओ कॉल लागला की आईचा चेहरा दिसतो न दिसतो, तोच पडद्यावर तिचा पदर येतो. पुसट दिसलं की कॅमेऱ्याची काच पुसायची, ही युक्ती मीच तिला दिवाळीत शिकवली. ती मात्र फोनची अख्खी काच पुसते, म्हणजे जिथे माझा चेहरा असतो तिथे.

"थांब रे, हनुवटीपाशी अजून धुरकट आहे," म्हणत ती घासत राहते. लहानपणी शाळेला निघताना ती माझं तोंड अशीच खसाखसा पुसायची. तेव्हा मी मान वळवून पळ काढायचो.

खरं तर डाग माझ्याच कॅमेऱ्यावर असतो, दिवसभर हाताळून पडलेला. तिने कितीही पुसलं तरी तो जाणार नाही. सांगायला एक वाक्य पुरे, पण आपण शिकवलेल्या युक्त्या आईच्या हातात जाऊन इतक्या मायाळू होतात की दुरुस्त करवत नाहीत.

तिचं पुसून होईपर्यंत मी मान न हलवता बसतो. मग हळूच रुमालाने माझ्याकडची काच पुसतो.

"बघ, निघालं की नाही!" आई म्हणते.