भिंतीला आधी आंघोळ

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात आपल्या घराच्या भिंतींना माझ्या मामाइतक्या वेळा रंग दिलेला दुसरा माणूस कुणी दाखवावा, मी माझी बी.ए.ची डिग्री परत करायला तयार आहे. आई आणि वडील अशा दोन्हीकडच्या घराण्यांत मिळून ती पहिली डिग्री आहे, तेव्हा मी हे उगाच बोलत नाही. बरं, मामाचं घर म्हणजे काही वाडा नाही. दोन खोल्या, समोर ओसरी, आणि मधे एक दार. एवढ्या भिंती एखादा रंगारी दोन दिवसांत उरकून तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी गेला असता. मामाला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत कुणी त्याला "झालं का?" असं विचारलं की तो शांतपणे म्हणायचा, "रंग देनं सुरू आहे."

आधी काय होतं ते सांगते. करडीला माझं आजोळ आहे. आमच्या गावी चौथीनंतर शाळा नव्हती, म्हणून मी मामाकडे राहून शिकले. घर मातीचं होतं. पावसाळ्यात भिंती पाणी प्यायच्या, फुगायच्या आणि एखाद्या सकाळी मागच्या भिंतीतून सरळ घरामागच्या वाडीतलं पपईचं झाड दिसायला लागायचं. मग मामा चिखल तुडवायला घ्यायचा. माझं दप्तर धानाच्या ढोलीवर, म्हणजे कणगीवर, ठेवायचा नियम होता, कारण धान आणि पुस्तकं यांना ओल चालत नाही. माणसांना चालते, असा घरातला समज होता. दिवाळी आली की मामी एकटी सगळं घर पोतारायची. पोतारणं म्हणजे पांढरी माती पाण्यात कालवून, चिंधी बुडवून भिंतीला हात देणं. आमच्याकडे हे काम बायांचं. त्यातला पहिला नियम असा, की आधी भिंत पाण्यानं ओली करायची आणि मगच माती लावायची. कोरड्या भिंतीवर पांढरी माती धरत नाही, पोपडे निघतात. मामाला भिंतीबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत होती, आणि पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरच उभा आहे.

वर्षानुवर्षं पोतारून मामीचा उजवा खांदा गेला. तिचा हात कानाच्या वर जात नाही. केसांना तेल लावायचं तर ती डोकंच खाली हाताकडे आणते. आणि मग, फार वर्षं अर्ज करून, मामाला घरकुल मंजूर झालं. जुन्या घराच्या बाजूलाच विटा-सिमेंटच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. गवंडी गेला, वेल्डर गेला, आणि रंगाची वेळ आली तेव्हा मामानं जाहीर केलं की रंग तो स्वतः देणार. मी म्हटलं, मी राहते त्या साकोलीला माझ्या ओळखीचा रंगारी आहे, पाठवते. तर म्हणाला, "भित गवंड्यानं बांधली. स्लॅब ठेकेदाराच्या मानसायनं टाकली. खिडक्या वेल्डरनं लावल्या. आता रंगबी दुसऱ्यानंच द्याचा, तं याच्यात माहं काय आहे?" मग मामीकडे वळून म्हणाला, "अन् तुले आता भितीले हात लावू देनार नाई."

मामी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "इतक्या वर्सांत पोताऱ्याची बादली तरी उचलून देली काय तुमी?"

"म्हनूनच तं," मामा म्हणाला.

मामीनं यावर एक अट घातली. भिंती नीट झाल्याशिवाय ती नव्या घरात देव नेणार नाही आणि स्वयंपाकही हलवणार नाही. "बिनपोतारल्या घरात शिजवलं तं मयताच्या घरात शिजवल्यावानी वाटते," ती म्हणाली. अशा रीतीनं दोन खोल्यांचं पक्कं घर रिकामं राहिलं आणि मामी त्याच जुन्या मातीच्या घरात, दिवसेंदिवस कलत चाललेल्या मागच्या भिंतीला पाठ देऊन स्वयंपाक करत राहिली, आणि दिवाळीला हात पोचेल तिथवर तेच घर पोतारतही राहिली.

रंग आणायचं काम माझं. साकोलीच्या दुकानातून रंगाची बादली घ्यायची, ती बसमध्ये पायांत धरून बसायचं आणि करडीला उतरायचं. कंडक्टर एकदा म्हणाला, "म्याडम, दर साली घर बांधता काय?" मी पोचले की मामा आधी माझ्या पाया पडायचा. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. भाचीचं ऐकायची रीत मात्र नाही. पहिल्या वर्षी पिस्ता रंग आणला होता. बादलीवर काय करावं, काय करू नये, हे छापलेलं होतं. मी शिकलेली बाई, ते वाचून दाखवलं.

"मामा, भित पूर्न कोरडी पायजे, असं लिवलं आहे."

"कोनं लिवलं?"

"कंपनीनं."

"कंपनीनं माही भित पायली काय?" मामानं तांब्या बुडवून भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली. "हे पाय भाशीबाई, आंघोळ केल्याबिगर कोनी नवे कपडे घालते काय? तू घालतेस?"

याचं उत्तर बी.ए.च्या तिन्ही वर्षांत मला कुणी शिकवलेलं नव्हतं. भिंतीला आंघोळ झाली. मग मामानं रंग मामीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेतला, कारण न गाळलेली वस्तू तो घरात घेत नाही. दूध, ताक, रॉकेल सगळं गाळून. त्यानंतर त्यात निळीची पुडी पाण्यात विरघळवून ओतली. निळीशिवाय भिंतीला चमक येत नाही, हे त्याचं मत. पिस्ता रंगाला चमक आली नाही. तळ्यातल्या शेवाळाचा रंग आला. रोलर त्यानं हातात घेऊन पाहिला आणि "हे तं पोया लाटाचं काम आहे," असं म्हणून मामीला देऊन टाकला. ब्रशनं रंग द्यायला त्यानं खालून सुरुवात केली. का, तर पाहुणा बसतो खाली, त्याला आधी खालचीच भिंत दिसते. दुपारी तो वरच्या भागाला पोचला तेव्हा वरचे ओघळ खालच्या वाळलेल्या भागावर आले. मामानं खाली पुन्हा हात दिला, मग वर कमी वाटलं म्हणून वर दिला. संध्याकाळपर्यंत मामा त्या भिंतीवर चढत आणि उतरत होता.

महिनाभरात भिंतीवर पापड उठले. बोट लावलं की अख्खी चकती हातात यायची. मामाला वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. त्याच्याकडे कारण तयार होतं. पिस्ता रंगच मुळात हलका. दुसऱ्या वर्षी गुलाबी दिला, आंघोळीसकट. तो पोळ्यापर्यंत टिकला आणि मग सुटला. या वेळी दोष बसचा निघाला. "साकोलीहून येता येता रंग हलला," मामा म्हणाला, "हललेला रंग धरत नाई." त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यानं आकाशी दिला. आकाशी रंग घेऊन येताना मी कंडक्टरला गाडी सावकाश चालवायला सांगितलं होतं, हे मामानं सगळ्या गावाला सांगितलं. तोही सुटला. तेव्हा गवंड्याच्या वाळूत दोष सापडला.

पण मामाचा उत्साह कधी सुटला नाही. रंग देताना घालायचा त्याचा एक सदरा होता, त्यावर तिन्ही रंग होते आणि निळीचे डागही. तो सदरा घालून तो ग्रामपंचायतीत जायचा, धान विकायला जायचा, एका लग्नालाही गेला. कुणीही घरी आलं की त्याला आत नेऊन दाराच्या मागचा कोपरा दाखवायचा. तो कोपरा एवढासा, वीतभर रुंद, पण तिथं पिस्त्यावर गुलाबी आणि गुलाबीवर आकाशी असा रंग एकदम तुकतुकीत बसला होता. "पाय, हात चांगला आहे माहा," तो पाहुण्याला म्हणायचा, "भितच साथ देत नाई." पाहुणे बिचारे दारामागे एकेक करून जायचे आणि मान डोलवत बाहेर यायचे. मामी हे सगळं ओसरीतून बघायची. एकदा पाहुणे गेल्यावर ती स्वतः दारामागे गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि पुन्हा ओसरीत जाऊन बसली.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा जुन्या घराच्या मागच्या भिंतीला बाहेरून दोन बांबूंचा टेकू दिलेला होता, आणि आत त्याच भिंतीशी मामी भाकरी टाकत होती. मी म्हटलं, "मामी, पान्याच्या आधी इथून निघा. हे भित यंदा राहनार नाई."

"देव काय पापडायवर टांगू?" मामी म्हणाली.

मामा नव्या घरात तयारच होता. या वेळी मलई रंग होता. मामीच्या अटीमुळे ती त्या भिंतीखाली बसते, हे त्यालाही दिसत होतं. त्याचा चेहरा उतरलेला होता. तो रिकामी बादली घेऊन जुन्या घराच्या दारात आला. मामी उठून उंबऱ्यावर बसली.

"पानी दे."

"पानी नाई."

"रांजन भरून आहे."

"तो पेयाचा आहे."

"बोरिंगवरून आनतो."

"जा ना. बोरिंग आठ दिसापासून हवा फेकून राहिली."

"अव, अर्धी बादली. भितीपुरती."

"मानसाले पेयाले नाई अन् भितीले आंघोळ," मामी म्हणाली आणि उंबऱ्यावरून हलली नाही.

मामा रिकामी बादली घेऊन परत गेला. मी मागून गेले. त्यानं रंग गाळला, पण निळीची पुडी हातात घेऊन परत ठेवली. ती विरघळवायलाही पाणी नव्हतं. कोरडी भिंत त्यानं झाडूनं झाडली, तिच्यासमोर ब्रश घेऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आता आहे त्याच अंगानं घे, माय." मग त्यानं दोन्ही खोल्या रंगवल्या. इतक्या पडलेल्या तोंडानं त्याला रंग देताना मी कधी पाहिलं नव्हतं. खालची-वरची चढउतरही केली नाही. हा रंग जाणारच, तर कशाला, असं त्याचं एकंदर वागणं होतं.

रंग गेला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मामा रोज सकाळी भिंतीला नख लावून बघायचा. शेवटी त्यानं फोन करून मला खुलासा कळवला. "तीन हात भितीनं पेले, भाशीबाई. चौथा धरला. तहानलेली होती भित." मी पुढच्या रविवारी गेले ती बादलीवर काय लिहिलं होतं त्याची आठवण करून देण्याच्या तयारीनंच. तोंड उघडलं, तर मामीनं मामाच्या पाठीमागून नुसतं माझ्याकडे पाहिलं. डिग्री मिळाल्यापासून मी तोंडाशी आलेलं उत्तर गिळल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. हा त्यातला एक. नंतर एकटी सापडली तेव्हा मी विचारलं, "मामी, रांजन तं भरून होता." ती म्हणाली, "दारामागं पानी गेलं नवतं, कोरडं राह्यलं होतं," आणि देवांची पाटी माझ्या हातात दिली. तिचा खांदा तेवढं वजन उचलत नव्हता. देव, शेगडी, ढोली, सगळं मृगाच्या आधी नव्या घरात आलं.

आषाढात, रोवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, भर दुपारी जुन्या घराची मागची भिंत बसली. मोठा आवाजही झाला नाही. मी तेव्हा तिथंच होते. मामी नव्या घरात भात उतरवत होती. मामा पावसात उभा राहून ढिगाऱ्याकडे बघत होता. मग वाकून त्यानं भिंतीच्या आतल्या बाजूचं एक ढेकूळ उचललं. त्याच्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे होते, पांढरा, मातकट, पुन्हा पांढरा, एकावर एक. "हे पाय," तो मला म्हणाला, "हे तुह्या मामीचे हात. एका दिवाईचा एक." त्यानं नखानं पापुद्रे मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले. "खालचे माह्या मायचे असतीन," म्हणाला. पाऊस लागून ढेकूळ त्याच्या हातातच विरघळायला लागलं, तरी त्यानं ते खाली टाकलं नाही.

"भिजून काहून राहिले?" मामीनं खिडकीतून हाक दिली. "भात थंडा होते."

दिवाळीच्या आधी मी पुन्हा गेले. गल्लीतल्या बाया पांढरी माती कालवून आपापल्या ओसऱ्या पोतारत होत्या. मामी आपल्या ओसरीत बसून त्यांच्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा तळवा मागच्या मलई भिंतीवरून फिरत होता. हाताला काही लागत नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवाळीला मामीनं भिंत पोतारली नाही.